रसायनाचा रिकामा ड्रम पाणी साठवायला विकावा का? माझा ठाम विरोध

पाताळगंगा:

मुद्दा आधीच सांगून टाकतो. रसायनाचे रिकामे ड्रम घरगुती वापरासाठी विकणं पूर्ण बंद व्हायला हवं. आणि त्यासाठी भंगारवाल्याला किंवा गिऱ्हाइकाला धरून उपयोग नाही, ज्या कारखान्यात ड्रम रिकामा झाला त्याला धरायला हवं.

मी औषधी रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण विभागात आहे. कुठला कचरा कुठल्या खात्यात घालायचा हेच रोजचं काम. ज्यांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घातक कचऱ्याचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत (पहिले १९८९ चे, भोपाळनंतर आलेल्या पर्यावरण कायद्याखालचे). त्यांच्या पहिल्या परिशिष्टात ३८ प्रक्रिया आणि त्यांतून निघणारा कचरा क्रमांकवार दिलाय. तुमचा कचरा या यादीत असला की तो घातकच धरतात. 'नाही हो, आमचा निरुपद्रवी आहे' हे दुसऱ्या परिशिष्टातल्या मर्यादा दाखवून सिद्ध करता येतं, पण ते ओझं तुमच्या डोक्यावर. सांडपाण्याचा रासायनिक गाळ ३५.३, वापरलेलं तेल ५.१, पुसापुशीच्या तेलकट चिंध्या ३३.२. आणि ३३.१ म्हणजे घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे बॅरल, डबे, लायनर (ड्रमच्या आतली पिशवी).

म्हणजे तुमच्या गच्चीवर ठेवलेला निळा ड्रम हा कागदोपत्री घातक कचरा असू शकतो. तो कारखान्यात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, परवानाधारकाकडेच द्यायचा, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती. घेणाऱ्याच्या सहीची निळी प्रत परत आली की आमची सुटका.

प्रत्यक्षात काय होतं? टेंपो येतो. भंगारवाला एकेका ड्रमचं झाकण फिरवून काढतो, आत नाक घालतो आणि भाव सांगतो. वास उग्र असला तर भाव कमी. गेटपासवर लिहिलं जातं 'प्लॅस्टिक भंगार' आणि पुढे किलो. गेटाच्या आत जो ३३.१ होता, तो गेटाबाहेर पडल्या क्षणी बादलीचा मोठा भाऊ होतो.

दंड वाढवा, भंगारात विक्री दिसली की कारखाना चालवायचं संमतीपत्र थांबवा, असं माझं मत आहे. विरोधी मतांचं स्वागत, पण 'सगळेच करतात' हा मुद्दा धरणार नाही.

भोसरीकर:

साहेब, तुमचा कारखाना मोठा दिसतो. तुमच्याकडे या कामाला माणूस आहे, म्हणजे तुम्हीच. माझ्याकडे प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, लहान वर्कशॉप आहे. हा माणूसही मीच, हिशेबनीसही मीच, आणि रेक्टिफायर बिघडला की वायरमनही मीच.

महिन्याला दोन-तीन ड्रम निघतात. त्यासाठी घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामाईक प्रकल्पाचं सभासदत्व घ्या, त्यांची गाडी बोलवा. गाडी तीन ड्रमांसाठी येत नाही, भरती झाल्यावर येते. तोवर तुमचे ९० दिवस उलटतात आणि मी गुन्हेगार. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशी मोजकी ठिकाणं. आम्हाला रांजणगाव त्यातल्या त्यात जवळ. सोलापूरच्या किंवा जळगावच्या माझ्यासारख्याने काय करायचं?

'निरुपद्रवी आहे हे सिद्ध करा' म्हणता. एका नमुन्याच्या तपासणीचं बिल ड्रमच्या किमतीच्या कितीतरी पट. सिद्ध करायला गेलो तर ड्रम फुकट देऊन वर खिशातून जातील.

आता मूळ दुखणं सांगतो. त्याच परिशिष्टात एक टीप आहे. प्रमाण मोठं पण परिणाम कमी असा कचरा घातक कचऱ्यातून वगळलाय: वीज केंद्रांची राख, ॲल्युमिनियमचा लाल चिखल, खत कारखान्यांचं फॉस्फोजिप्सम, जस्ताचं जॅरोसाइट, खाणींचा टाकाऊ गाळ. का वगळला? परिणाम कमी म्हणून की प्रमाण इतकं मोठं की झेपणारच नाही म्हणून? २०२२ च्या जुलैत कोराडीजवळ खसाळ्याला राखेचा बंधारा फुटला, शेतात आणि नदीत राख गेली. ती राख कायद्याने घातक नाही. माझा अ‍ॅसिडचा धुतलेला ड्रम मात्र घातक! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मांजराकाठ:

दोघेही कारखान्याच्या बाजूने बोलताय, मी ड्रमच्या बाजूने बोलतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तो रोज येत नाही. आला की अर्ध्या तासात जे भरून घेता येईल तेवढंच पाणी. घरापुढे ओळीने चार ड्रम नसतील तर बायकांनी कशात भरायचं? सिमेंटची टाकी बांधायला ज्याच्याकडे पैसे आहेत तो ड्रम घेतच नाही. आठवडी बाजारात जुना ड्रम नव्याच्या निम्म्या भावात मिळतो. तुमची बंदी उद्या आली तर तो निम्मा भाव जाईल, तहान जाणार नाही.

पहिले आठ दिवस त्यात जनावरांचं पाणी भरायचं, मग वापरायचं, आणि प्यायचं हंड्यात वेगळं, एवढी अक्कल गावात आहे. एकदा एका ड्रमला पंधरा दिवस फेस येत होता. कपडे मात्र छान निघाले.

आम्लराज:

तो फेस बहुतेक साबण-शाम्पूच्या कच्च्या मालाचा, एसएलईएस नावाचा. रुंद तोंडाच्या ड्रममधून येतो, धुवून धुवून संपत नाही, पण फारसा घातक नाही. सगळे ड्रम तसे नसतात. मी चाळीसेक वर्षं प्रयोगशाळेत काढली, निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, तर जरा पाल्हाळ लावतो.

दोन गोष्टी वेगळ्या करा. मीठ, आम्ल, कॉस्टिक, तुरटी, फेरिक क्लोराइड ही पाण्यात विरघळणारी मंडळी. तीन वेळा नीट विसळलं तर ड्रमच्या भिंतीवर जवळपास काही उरत नाही. भोसरीकरांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा ड्रम यातला. (क्रोमिक आम्लाचा मात्र नाही, तो हिशेब वेगळा. त्यावर ते काहीच बोलले नाहीत हे मी टिपून ठेवलंय.)

दुसरी मंडळी म्हणजे तेलात विरघळणारी सेंद्रिय रसायनं: कीटकनाशकांचे मध्यवर्ती पदार्थ, क्लोरीनयुक्त संयुगं वगैरे. ही प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर बसत नाहीत, भिंतीत शिरतात. आतून चकाचक धुतलेला ड्रम उन्हात ठेवला की दुपारी पुन्हा वास येऊ लागतो, तो याचाच. आज धुतलं म्हणून उद्याचं पाणी स्वच्छ असेल असं नाही. मांजराकाठ, 'जनावरांचं आठ दिवस' ही युक्ती पहिल्या गटाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. आणि त्या आठ दिवसांत जनावर काय प्यायलं हाही प्रश्न आहेच.

टोलुईन, झायलीनसारखे द्रावक सहसा लोखंडी ड्रममध्ये येतात. ते ड्रम पाणी साठवायला जात नाहीत, कापून त्यांच्या भट्ट्या, तंदूर, शेगड्या होतात. तिथे धोका वेगळाच. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा जास्त वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. गॅस कटर लावला की झाकण उडतं, कधी माणूसही.

ड्रम घेताना काय बघावं? तळाशी किंवा बाजूला उठावाचा छाप असतो. '१एच१' म्हणजे अरुंद तोंडाचा प्लॅस्टिक ड्रम, '१एच२' म्हणजे पूर्ण झाकण निघणारा. हा छाप ड्रमचा, मालाचा नव्हे. तो फक्त एवढंच सांगतो की हा ड्रम धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी बनवला आणि तपासला होता. मालाची खूण म्हणजे हिऱ्याच्या आकाराचं लेबल: ८ म्हणजे जाळणारं, ३ म्हणजे पेट घेणारं, कवटीचं चित्र आणि ६ म्हणजे विषारी. लेबल काढलेलं असलं तरी डिंकाचा चौकोन राहतो. खाद्यपदार्थांचे ड्रमही बाजारात येतात, त्यावर पेला-काट्याची खूण असते. पण ही खूणही ड्रमच्या प्लॅस्टिकची, मालाची नव्हे. आत आधी खाद्यपदार्थच होता याची खात्री असेल तरच घ्या.

ह्यूस्टनचा बंड्या:

इथे अमेरिकेत ही भानगड एका वाक्यात मिटवलीय. नेहमीच्या पद्धतीने जेवढं काढता येतं तेवढं काढलं, तळाशी २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उरलं नाही किंवा साधारण ड्रमच्या मापापर्यंत वजनाने ३ टक्क्यांहून जास्त नाही, की तो ड्रम कायद्याने रिकामा. रिकामा म्हणजे घातक कचरा नाहीच. तीन वेळा धुण्याची सक्ती फक्त अतिविषारी पदार्थांच्या यादीला. पुढे तो ड्रम नवीकरणाच्या कारखान्यात जातो आणि पुन्हा वापरात येतो. भोसरीकरांना हवंय ते हेच ना? आपण उगाच यादीला चिकटून बसतो.

पाताळगंगा:

बंड्या, त्याच सवलतीचं पुढे काय झालं तेही लिही ना. तळाशी इंचभर म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सहाएक लिटर. शंभर 'रिकाम्या' ड्रमांत किती झालं बघ. २०१७ साली मिलवॉकीच्या एका वर्तमानपत्राने ड्रम नवीकरणाच्या कारखान्यांवर मालिकाच छापली: कामगार भाजलेले, नेमकं काय मिसळतंय याचा पत्ता नाही, धूर वस्तीत. २०२३ मध्ये ईपीएला, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेला, या नियमाचा फेरविचार करण्यासाठी जाहीर सूचना मागवाव्या लागल्या. व्याख्येने ड्रम रिकामा होत नाही.

भोसरीकर, राखेबद्दल तुमचा संताप मला मान्य आहे. ती वगळायला नको होती. २०२१ च्या डिसेंबरात राखेसाठी वेगळी अधिसूचना निघाली, पण तिचा भर राख खपवण्यावर आहे, आणि गंमत अशी की घातक गाळ सुरक्षित खड्ड्यात पुरण्याआधी घट्ट करायला चुना-सिमेंटबरोबर हीच राख वापरतात. पण मोठ्याला सोडलं म्हणून लहानालाही सोडा, हे कुठलं तर्कशास्त्र?

भोसरीकर:

सोडा म्हणत नाही, रस्ता द्या म्हणतो. कायदेशीर रस्ता महाग आणि लांब केला की माणूस गल्लीबोळ शोधतो. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनीत रात्रीतून टँकर रिकामा झाला, शेकडो लोक श्वास कोंडून इस्पितळात गेले. २०२२ च्या जानेवारीत सुरतेजवळ सचिन औद्योगिक वसाहतीत तसंच झालं, नाल्यात रसायन ओतताना वायू सुटला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले. हे सगळं यादीत होतं, परिशिष्ट, क्रमांक, मॅनिफेस्ट सगळं होतं. अजून कडक केलंत तर ड्रमसुद्धा रात्रीचेच जातील, एवढाच फरक.

आणि आम्लराज काका, क्रोमिक आम्लाचा ड्रम मी भंगारात देत नाही. वर्कशॉपमध्येच राहतो, गाळ भरायला कामी येतो. प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या कुणी वाचलं तर हेही नियमात बसत नसेल, बसवून दाखवा.

घाटाखालचा:

आधी स्वतःच्या न्हाणीघरात बघा सगळ्यांनी. डिस्टेंपरची वीस लिटरची बादली प्रत्येकाकडे आहे. चालू द्या.

गोवंडी ते चेंबूर:

इतका वेळ वाचत होते. इथे ड्रम धुणाऱ्या माणसांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मामांचा ड्रम धुवायचा धंदा आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडपासून गोवंडीपर्यंत असे किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही. काम असं: ड्रम आडवा पाडायचा, गरम कॉस्टिकचं पाणी आणि थोडी खडी आत टाकायची, झाकण लावून दोघांनी पुढे-मागे लोळवायचा, मग ओतायचा. ओतायचं कुठे, ते विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. मामांच्या दोन्ही हातांची बोटं पांढरी पडलीत, नखं वाढतच नाहीत.

पाताळगंगा यांनी लिहिलंय की भंगारवाला नाक घालून भाव करतो. खरं आहे. पण तो नाक का घालतो हे नाही लिहिलं. कारण लेबल कारखान्यातच खरवडलेलं असतं. ड्रम आपल्या गेटातून बाहेर पडल्याचं कळू नये म्हणून कंपनीचं नाव काढतात, त्याबरोबर आतल्या मालाचं नावही जातं. हिरा जातो, कवटी जाते. ज्याला ती सगळ्यात जास्त लागते त्याच्या हातात येईपर्यंत ड्रम मुका होतो. आम्लराज काकांनी सांगितलेले दोन गट मामांना समजावून सांगता येतील, त्यांना हुशारी कमी नाही. पण कुठला ड्रम कुठल्या गटातला हे त्यांनी ओळखायचं कशावरून? डिंकाच्या चौकोनावरून?

माझी मागणी साधी आहे. विका किंवा विकू नका, पण लेबल खरवडणं हाच स्वतंत्र गुन्हा करा. बंदी घातलीत तर पहिला पोलीस मामांकडे येईल, पाताळगंगाला नाही.

आम्लराज:

ताई, लेबलाचा मुद्दा सोळा आणे खरा. मी माझ्या अख्ख्या नोकरीत लेबल खरवडणारी पोरं बघितली आणि मला ती 'साफसफाई' वाटायची.

फक्त एक भर. कीटकनाशकांच्या बाबतीत १९७१ च्या नियमांपासून रिकामं वेष्टन फोडून, वस्तीपासून लांब पुरायची तरतूद आहे. फोडून! ड्रमला भोक पाडलं की तो पाण्याला जाऊच शकत नाही. विषारी गटासाठी गेटाच्या आतच भोक पाडायची सक्ती करावी. अर्थात मग भाव फक्त प्लॅस्टिकच्या किलोचा मिळेल, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मांजराकाठ:

भोक पाडलं की आमचा ड्रम गेला. पण विषाचा असेल तर जाऊ दे, त्याला माझी ना नाही. साबणाचा आणि आम्लाचा तेवढा लेबलासकट, धुऊन, पावतीसकट येऊ द्या. बाजारात मी चार पैसे जास्त देईन. गावात कुणी देणार नाही असं वाटत असेल तर तुम्हाला गाव माहीत नाही.

पाताळगंगा:

गोवंडीताई, तुमच्या मामांवर पोलीस जाऊ नये म्हणूनच मी कारखान्याला धरा म्हणतोय. लेबलाचं पटलं, ते माझ्या मागणीत घालतो. तरीही धुऊन विकण्याला माझा विरोध कायम आहे, कारण धुणारा कोण यावर सगळं अवलंबून. नियम ९ खाली ड्रम निर्जंतुक नव्हे, निर्दूषित करण्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यपद्धती आहे: बंदिस्त जागा, धुवणाचं पाणी प्रक्रियेला, उरलेला गाळ पुन्हा घातक कचऱ्यात. त्याप्रमाणे धुतलेला ड्रम उद्योगातच परत फिरावा. घरात नको.

त्याहून सोपा उपाय म्हणजे पुरवठादाराने ड्रम परत न्यावा. क्लोरीनचे टनर, म्हणजे टनभर वायूचे मोठे सिलिंडर, जातात की नाही परत? कुणी टनरमध्ये पाणी साठवलेलं ऐकलंय?

घाटाखालचा:

साठवलेलं नाही, पण २०१० च्या जुलैत शिवडीला हाजी बंदरात कुणीच परत न नेलेले जुने सिलिंडर गळले आणि शंभराहून जास्त लोक इस्पितळात गेले, ते ऐकलंय. परत न्यायचा नियम असतोच, नेणारा नसतो.

भोसरीकर:

टनर परत जातो कारण तो महाग आहे, नियमामुळे नाही. अ‍ॅसिडच्या कारबॉयचंही, म्हणजे मोठ्या कॅनचंही, तेच, डिपॉझिट असतं म्हणून पुरवठादार रिकामे मोजून नेतो. ड्रमवर डिपॉझिट लावा, मी उद्यापासून भरतो. महिन्याच्या तीन ड्रमांचं ते कितीसं होणार.

अडचण तिथे नाही. माझा पुरवठादार हा व्यापारी आहे, उत्पादक नाही, त्याचं भिवंडीला गोदाम. माझा न धुतलेला ड्रम त्याच्या टेंपोत चढला की तुमच्याच यादीप्रमाणे ती ३३.१ ची वाहतूक झाली. टेंपोला परवाना नाही, गोदामाला घेण्याची परवानगी नाही. म्हणजे भंगारवाल्याला दिला तर 'प्लॅस्टिक', आणि ज्याच्याकडून आणला त्यालाच परत दिला तर गुन्हा. पाताळगंगासाहेब, तुम्ही रोज हे फॉर्म भरता. यातून वाट काय ते सांगा, मी पहिला ग्राहक.

पाताळगंगा:

त्याच मालाने पुन्हा भरण्यासाठी, झाकणबंद, लेबलासकट परत जाणारा ड्रम कचरा धरू नये, तो वेष्टनच धरावा, असा खुलासा मंडळाकडून लेखी मागता येईल. टनर आणि कारबॉय आजही त्याच समजुतीवर फिरतात. पण 'त्याच मालाने' हा शब्द तुमच्या व्यापाऱ्याला पाळता येईल का? त्याच्या गोदामात सगळे निळे ड्रम एकाच ढिगात असतात.

भोसरीकर:

ढीग मी बघितलाय. अ‍ॅसिडवाल्यांना झाकणावर रंगाचा पट्टा मारायला सांगतो. अर्जाचा मसुदा तुम्ही लिहा, सही माझ्या असोसिएशनची घेतो.